मामा तलावाचं काम निघालंय? कुठे हात लावायचा आणि कुठे नाही

तलावाच्या सुशोभीकरणाची फाइल ग्रामपंचायतीत येते, तेव्हा नकाशा बहुतेक वेळा आधीच काढून झालेला असतो. मधे निळा गोल, गोलाभोवती पेव्हर ब्लॉकची वाट, वाटेवर ठरावीक अंतरावर दिवे, एका कोपऱ्यात फायबरच्या हंसाच्या बोटी आणि दुसऱ्या कोपऱ्यात गावाच्या नावाचा सेल्फी पॉइंट. गावाचं नाव बदललं की तोच नकाशा पुढच्या तालुक्यात चालतो. तलाव मात्र असा गोल कधीच नसतो. त्याला पाठ असते, तोंड असतं, आणि कुठे काय आहे हे कळल्याशिवाय तिथे फावडं मारणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं.

मी बरीच वर्षं भंडारा-गोंदियाकडच्या तलावांवर हिंडतो आहे. हा लेख नवख्यांसाठी आहे: नुकतेच निवडून आलेले सदस्य, पहिल्याच नेमणुकीवर आलेले शाखा अभियंते, शाळेतले गुरुजी, आणि 'आमच्या तलावाचं काहीतरी करायचंय' म्हणून धडपडणारी पोरं. उदाहरण मामा तलावाचं घेतलं आहे, कारण मला तेच नीट ठाऊक आहे. गावतळं, पाझर तलाव किंवा शहरातला जुना तलाव असला तरी रीत फारशी बदलत नाही. खाडीकाठची खारफुटी असेल तर मात्र थांबा. तिथे सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे, नियम लागतात, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने खारफुटी आणि तिच्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टा, जमीन कोणाच्याही मालकीची असो, बांधकामाला बंद आहे. तिथे 'कुठला भाग विकसित करायचा' हा प्रश्न बराचसा आधीच सुटलेला आहे.

बाहेरच्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगून टाकतो. मामा म्हणजे माजी मालगुजारी. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातल्या जाणत्यांनी पूर्व विदर्भात हजारो तलाव बांधले, धानासाठी. पुढे ते मालगुजारांकडे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांकडे, आले, १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर असे पसरलेले हे तलाव एकेकटे नसून साखळीने आहेत. वरच्याचा सांडवा खालच्याचा येवा, म्हणजे वरच्यातून ओसंडलेलं पाणी खालच्यात येतं.

तलावाचे भाग

पाळीवर उभे राहा. पाण्याकडे तोंड करा. पायाखाली पाळ, म्हणजे मातीचा बांध. पाळीलगत सगळ्यात खोल पाणी. समोर लांबवर, जिथे नाले येऊन मिळतात, ते तोंड. तोंड आणि खोल भाग यांच्या मधे जो पसरट, गवताळ, पाणी आहे की चिखल आहे हे धड कळू न देणारा पट्टा दिसतो, त्याला मी या लेखात 'उथळ' म्हणणार आहे. बाजूला सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट. आणि एका बाजूला गावाचा काठ: घाट, देऊळ, कपडे धुवायचे दगड, म्हशी उतरायची जागा.

नवा माणूस खोल पाणी बघून खूश होतो आणि उथळ बघून नाक मुरडतो. 'हा सगळा भाग वाया गेलाय, भरून काढून इथे बगिचा करू.' हे वाक्य मी इतक्या बैठकांत ऐकलंय की आता बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखतो. प्रत्यक्षात तलावातलं बहुतेक जीवन त्या उथळातच असतं. सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचतो, म्हणून पाणवनस्पती तिथे. वनस्पती तिथे म्हणून माशांची पिल्लं तिथे. पिल्लं आणि किडे तिथे म्हणून बगळे, कमळपक्षी, जांभळ्या पाणकोंबड्या आणि हिवाळ्यातली बदकं तिथे. बुडी न मारणाऱ्या बदकांना, तुतवारांना आणि इतर चिखलपायांना माणसाच्या घोट्यापासून गुडघ्यापर्यंतचंच पाणी लागतं. तीन मीटर खोल निळं पाणी त्यांच्या काही कामाचं नाही.

नाशिकजवळचं नांदूर मधमेश्वर आठवा. गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात पाटबंधाऱ्यासाठी बंधारा घातला, तो गाळाने भरत गेला, पाणी पसरट झालं, बेटं तयार झाली. पाटबंधारे खात्याच्या हिशेबात तो तोटा. पाखरांनी त्याच तोट्यावर संसार मांडला आणि २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं.

पायरी १: कागद काढा

तलाठ्याकडून सातबारा आणि गाव नकाशा. पूर्व विदर्भात असाल तर निस्तार पत्रकही मागा, कारण गुरं पाजणं, मासे, गवत, वाट यांवर गावाचे जे हक्क आहेत ते तिथे लिहिलेले असतात, आणि काठावर कुंपण घालायच्या आधी ते वाचलेले बरे. तलाव कोणाच्या ताब्यात आहे ते विचारा: १०० हेक्टरांपर्यंत सिंचनाचे बहुतेक तलाव जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे असतात. मासेमारीचा ठेका कोणत्या संस्थेकडे आहे आणि कधीपर्यंत, तेही लिहून घ्या. सामूहिक वनहक्क मिळालेलं गाव असेल, तर पाण्यातले मासे आणि इतर उपज यांचे हक्कही २००६ च्या वनहक्क कायद्यात येतात.

आता पाणथळीच्या कायद्याबद्दल, कारण इथे दोन्ही बाजूंचे लोक चुकतात. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांत भराव, अतिक्रमण, कारखाना, कचरा, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी हे सगळं बंद आहे. नियम लागू होण्याआधीच्या दहा वर्षांच्या सरासरी पूररेषेपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकामही बंद, बोटीचा धक्का तेवढा सोडून. पण त्याच नियमांनी पाणथळीच्या व्याख्येतून धानाची शेतं आणि खास सिंचनासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी, मीठ किंवा मत्स्यपालनासाठी केलेली जलाशयं वगळली आहेत. म्हणजे तीनशे वर्षांचा मामा तलाव, ज्यात सारस येतो, तो कागदावर 'सिंचनासाठी बांधलेला' म्हणून सुटू शकतो. दुसरीकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच, उपग्रहचित्रांवरून नोंदलेल्या, सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागांना २०१० च्या नियमांतल्या तत्त्वांचं संरक्षण द्यायला सांगितलं. तुमचा तलाव त्या यादीत आहे का, हे जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारा. लेखी. तोंडी उत्तर बदलीबरोबर निघून जातं.

कायदा लागू नसला, तरी ५० मीटरची रेषा मी स्वतःसाठी पाळतो. ती कामाची रेषा आहे.

पायरी २: चार फेऱ्या मारा

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक इथे होते, आणि ती मी स्वतः केलेली आहे. माझ्या पहिल्या कामात आम्ही फेब्रुवारीत जाऊन पाण्याच्या कडेने खुंट्या ठोकल्या, कारण पाणी जिथे संपलं तिथे तलाव संपला असं वाटलं. त्या रेषेवर वाट बांधली गेली. ऑगस्टमध्ये वाटेचा मोठा तुकडा पाण्याखाली, आणि पुढच्या उन्हाळ्यात पेव्हर ब्लॉक ढिवरांच्या, म्हणजे इथल्या मासेमार समाजाच्या, जाळ्यात येऊ लागले. एका म्हाताऱ्याने एक ब्लॉक माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, 'साहेब, तुमची मासोळी.' त्याच्या आवाजात राग असता तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून नियम असा: वर्षातून चार फेऱ्या, मगच रेघ.

मेच्या शेवटच्या आठवड्यात पहिली. पाणी सगळ्यात कमी असतं, तळ उघडा पडलेला असतो. जे डबकं अजून शिल्लक आहे तेच पुढच्या पावसाळ्याचं बियाणं. मरळीसारखे मासे, कासवं, शिंपले तिथे तग धरून असतात. ती जागा नकाशावर टिंब देऊन ठेवा.

दुसरी फेरी पहिल्या जोरदार पावसात, छत्री घेऊन. पाणी कुठून आत येतं ते डोळ्यांनी बघा. नकाशावर एक नाला दाखवलेला असतो, प्रत्यक्षात पाणी पाच जागांनी येतं, त्यातलं एक रस्त्याच्या मोरीतून आणि एक गावच्या गटारातून. याच दिवसांत छोटे मासे अंडी घालायला उलट्या धारेने नाल्यात, बांध्यांत (धानाच्या बांध घातलेल्या शेतांत) चढतात. सह्याद्रीकडे आणि कोकणात याला वलगण म्हणतात. तोंडाशी एक फूटभर उंचीची सिमेंटची भिंत घातली तरी ही चढण थांबते.

तिसरी सप्टेंबरात, सांडवा वाहत असताना. ही तुमची खरी पूर्ण भरण्याची रेषा. जागोजाग खुणा करा. फेरी चुकली असेल तर ही रेषा नंतरही वाचता येते: बेशरमच्या झुडपांत अडकलेला काडीकचरा आणि प्लास्टिक, घाटाच्या दगडावरचा मातकट पट्टा, मोहाच्या बुंध्यावर चिकटलेली पाणगोगलगायींची रिकामी शिंपलं. हा कचरा जिथे एका पातळीत दिसतो, ती रेषा. दोन-तीन जागी जुळवून बघा, आणि गावात विचारा की सगळ्यात मोठ्या पुरात पाणी कुठे आलं होतं. देवळाच्या कितव्या पायरीपर्यंत, असं विचारलं की उत्तर पटकन मिळतं.

चौथी जानेवारीत, भल्या पहाटे. पाखरं मोजा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती कुठे बसतात ते टिपा. मग एक सोपा प्रयोग करा. थव्याकडे सरळ चालत जा, घाई न करता, आणि पाखरं उडाली की थांबा. तिथून ती बसली होती त्या जागेपर्यंतचं अंतर पावलांत मोजा. तीन-चार वेगवेगळ्या सकाळी, वेगवेगळ्या जागी, एकेकदाच करा. रोज उठून पाखरं उडवायची नाहीत. जे सगळ्यात मोठं अंतर येईल त्याच्या दुपटीच्या आत वाट, बाक, दिवा काहीही नको. हा आकडा तुमच्या तलावाचा, तुमच्या पाखरांचा असतो, त्यामुळे बैठकीत कोणी 'हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय' असं विचारू शकत नाही. फार तर 'मलाही दाखवा' म्हणतो, आणि मग पहाटे येतो. अर्धं काम तिथेच होतं.

वर्षभर थांबायला वेळ नाही? निधी मार्चअखेरीला परत जाणार? मग निदान पूररेषेच्या खुणा शोधा, येव्याच्या जागा गावकऱ्यांकडून दाखवून घ्या आणि पहिल्या टप्प्यात फक्त गावाच्या काठावरचं काम घ्या. उथळाला हात लावणारी एकही बाब घाईत घ्यायची नाही.

पायरी ३: ज्यांचं पोट तिथे आहे त्यांना आधी भेटा

ग्रामसभेच्या आधी, पाळीवर, एकेका गटाला वेगवेगळं भेटा. सभागृहात खुर्चीवर बसून ढिवर बाई फारसं बोलत नाही. पाण्यात उभी असताना तिला कुठल्या वनस्पतीत कुठला मासा लपतो हे थांबवूनही थांबत नाही. अर्जुनी-मोरगाव भागात ढिवर महिलांच्या गटांनी तलावांतलं बेशरम उपटून, तिथे स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावून मासळी सुधारण्याचं काम केलेलं आहे. अशी माणसं तुमच्या गावातही सापडतील, फक्त त्यांना तज्ज्ञ म्हणायची आपल्याला सवय नाही.

हितसंबंध जुळत नाहीत, हे गृहीत धरूनच जा. धानवाल्यांना ऑक्टोबरात शेवटचं पाणी हवं, मग तलाव रिकामा झाला तरी चालेल. मासेवाल्यांना मेपर्यंत पाणी हवं. गाळपेर करणाऱ्याला, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पीक घेणाऱ्याला, काठ लवकर उघडा पडायला हवा. गुराख्याला उतार हवा, भिंत नको. यातून एकच गोष्ट निघाली तरी भेटी सार्थकी लागल्या: किती पाणी राखून ठेवायचं, त्याची एक खूण. तोटीजवळच्या (पाणी सोडायच्या दाराजवळच्या) दगडावर लाल रंगाचा पट्टा ओढून 'याखाली पाणी सोडायचं नाही' असं ठरलं, तर त्या पट्ट्याने कुठल्याही बगिच्यापेक्षा जास्त जीव वाचतील.

माशांच्या बियाण्याबद्दलही इथेच बोला. रोहू, कटला, मृगळ सोडणं नेहमीचं आहे. गवत्या मासा सोडायचा का, हा मात्र पाणथळीचा निर्णय आहे, निव्वळ मासेमारीचा नव्हे. तो पाणवनस्पती फस्त करतो, आणि जे उथळ तुम्ही कुंपण घालून राखणार आहात ते तो आतून चरून टाकतो.

पायरी ४: नकाशा रंगवा

मोठा कागद, चार रंगीत पेन्सिली. मोबाइलवरच्या उपग्रहचित्राचा प्रिंट चालेल, पण त्यावर सप्टेंबरची रेषा आधी ओढा, कारण ते चित्र बहुधा उन्हाळ्यातलं असतं आणि तलाव लहान दाखवतं.

लाल रंग पहिला. सगळे पहिली पेन्सिल हिरवी उचलतात, बाग कुठे, बोट कुठे. मग उरलेल्या सांदीकोपऱ्यात 'पक्षी क्षेत्र' लिहितात. उलटं करा. जिथे काहीच करायचं नाही ते आधी रंगवा. माझ्या हिशेबात लाल म्हणजे: येव्याची सगळी तोंडं आणि त्यांच्या दोन्ही बाजू, उथळाचा सलग पट्टा, शेजारच्या बांध्यांशी तो जोडलेला असेल तर त्या जोडासकट, मे महिन्यातलं शेवटचं डबकं, सांडवा आणि त्याच्या खालचा ओहोळ, आणि घरट्यांच्या जागा.

सारस असेल तर जास्त जपा. महाराष्ट्रात तो मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्यातच उरला आहे. उभा राहिला की जवळजवळ माणसाएवढा उंच दिसणारा हा पक्षी पावसाळ्यात उथळ पाण्यात किंवा सरळ धानाच्या बांधीत काडीकचऱ्याचा ढीग रचून बहुधा दोन अंडी घालतो. त्याला तलाव आणि शेत दोन्ही लागतात, आणि त्यांच्यामधला मोकळा रस्ता लागतो. काठाभोवती पूर्ण गोल फिरणारी वाट नेमका तोच रस्ता तोडते. म्हणून माझा एक हट्ट आहे, जो मी कुठल्याही बैठकीत सोडत नाही: वाट गोल नको. निदान अर्धा काठ बिनवाटेचा राहिला पाहिजे. 'पण फेरी पूर्ण व्हायला पाहिजे ना, लोक चालायला येतात,' असं उत्तर येतं. जाऊन परत येणाऱ्यालाही तेवढीच पावलं पडतात.

पिवळा रंग: वापर चालू राहील, पण अटींवर. गाळपेर, चराई, शिंगाडा, मासेमारी, कमळ. पिवळ्यात नवं बांधकाम नाही. खत-औषध टाकून गाळपेर करू द्यायची का, हे ग्रामसभेने ठरवायचं. ते सगळं पहिल्या पावसात पाण्यातच जातं, एवढं समोर मांडा.

हिरवा रंग: इथे बांधा. जे आधीच माणसाच्या वापराने बदललेलं आहे ते हिरवं. घाट, देवळाचा परिसर, गावाच्या बाजूची वाट, रस्त्यालगतचा पट्टा. नवी जागा उघडण्यापेक्षा वापरातली जागा चांगली करा.

काळा रंग तलावाच्या बाहेर लावायचा असतो, आणि तोच लोक विसरतात. गटार कुठून येतं, कचरा कुठे टाकला जातो, वरच्या बाजूला कोणी नाला वळवलाय का, मुरूम कुठे खणला जातोय. काळं आधी सुटलं नाही तर हिरव्यावरचा खर्च जलपर्णीच्या घशात जाईल. सांडपाण्यातलं खत मिळालं की जलपर्णी एका हंगामात पाणी झाकून टाकते, आणि मग दरवर्षी ती काढायचं वेगळं टेंडर.

एखाद्या तुकड्याचा रंग ठरत नसेल तर चार प्रश्न विचारा. हा बिघडला तर परत करता येईल का? तलावाचं पाणी याच्यावर अवलंबून आहे का? कोणाची रोजी याच्यावर आहे? हा आधीच बिघडलेला आहे का? काही संस्था यांना गुण देऊन बेरीज करतात. मी बेरीज करत नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'परत करता येणार नाही' आलं की तुकडा लाल, बाकीचे तीन कसेही असोत. चाळीस गुणांचं पर्यटन त्यावर मात करू शकत नाही. आणि चौथ्या प्रश्नाबद्दल जरा सावध: बेशरमने भरलेला काठ 'बिघडलेला' दिसतो, पण झुडपं काढली की दोन पावसाळ्यांत तो चांगला उथळ होऊ शकतो. बिघडलेलं म्हणजे सोडून दिलेलं असं धरू नका.

पायरी ५: गाळ

'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार'सारख्या योजनांमुळे गाळ काढणं आता सोपं झालंय. पोकलेन येतं, शेतकरी ट्रॅक्टर लावतात, गाळ शेतात जातो. चांगली योजना आहे. तलावाला त्रास होतो तो सगळीकडून सारखा गाळ काढल्याने.

तलावाचा आकार बशीसारखा असतो, पसरट कडेचा. यंत्रवाल्याला हौद करायला सोपं जातं, कडा सरळ उभ्या. हौदात उथळ नसतं. म्हणून गाळ फक्त खोल भागातून, आणि खोल भागाची कड उथळाकडे हळूहळू चढत गेली पाहिजे. म्हैस जिथून न घसरता वर येऊ शकते तो उतार बरोबर, एवढी खूण पुरे. पाळीच्या पायथ्याशी अजिबात खणायचं नाही; किती अंतर सोडायचं ते अभियंत्याकडून लेखी घ्या. आणि सगळा भाग एकाच उन्हाळ्यात नको. निम्मा यंदा, निम्मा पुढच्या वर्षी, म्हणजे चिखलातलं बी, कंद आणि शिंपले शिल्लक राहतात आणि दुसऱ्या निम्म्यात पसरतात.

किती खोल जायचं? आधी चार-पाच चाचणी खड्डे कुदळीने घ्या. वर काळसर, बोटाला लोण्यासारखा लागणारा गाळ असतो. त्याखाली घट्ट चिकणमातीचा थर. त्याखाली मुरूम. तो चिकणमातीचा थर म्हणजे तलावाचं तळपात्र, त्याच्यामुळे पाणी धरून राहतं. एका गावात चालक जेवणानंतर जरा जोशात आला आणि एका कोपऱ्यात बकेट मुरुमापर्यंत गेलं. पिवळी माती दिसल्यावर लोक खूशच झाले, रस्त्याला मुरूम मिळाला म्हणून. जो तलाव एप्रिलपर्यंत टिकायचा तो पुढच्या वर्षी जानेवारीतच तळाला गेला. भोक कुठे आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पण बुजवायला अंदाजपत्रकात 'बाब' नव्हती. रंग बदलला की थांबा. चिकणमाती दिसली की वीतभर आधीच थांबला असतात तर बरं, असं वाटणं हे योग्य कामाचं लक्षण.

पायरी ६: हिरव्यात काय बांधायचं

फार लिहित नाही, इथे लोकांना कल्पना कमी पडत नाहीत. कपडे धुण्यासाठी वेगळा ओटा आणि त्याचं पाणी शोषखड्ड्यात. गणपती-दुर्गा विसर्जनासाठी काठाबाहेर हौद. शौचालय पूररेषेच्या बरंच वर. पाळीवर बसून पाखरं बघायला छातीभर उंचीची कुडाची आडोशी भिंत, तिला दोन उंचीवर भोकं, मोठ्यांसाठी आणि पोरांसाठी. हायमास्ट दिवा नको. रात्री पाण्यावर उजेड पडला की निशाचर जिवांचं वेळापत्रक बिघडतं आणि विजेचं बिल ग्रामपंचायतीला भरावं लागतं ते वेगळंच. घाटावर खाली तोंड केलेले, बुटके दिवे पुरेत. दगडी पिचिंग, म्हणजे उतारावर दगड बसवणं, पाळीच्या पाण्याकडच्या बाजूला ठीक, लाटांनी माती सुटते म्हणून. बाकी काठाला नको. पाळीवर जड बांधकाम, बोअर, सिमेंटचा रस्ता यांपैकी काहीही पाटबंधाऱ्याच्या अभियंत्याला विचारल्याशिवाय करू नका.

बोटी पाहिजेतच असतील तर पायडलच्या, खोल भागात, आणि रंगवलेले रिकामे कॅन दोरीने बांधून हद्द आखा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बोटी बंद. ठेकेदार म्हणेल की हंगाम तोच असतो. पाहुण्या पाखरांचाही तोच.

पायरी ७: अंदाजपत्रक आणि यंत्र यायचा दिवस

रंगीत नकाशा कितीही सुंदर असला तरी कंत्राटदार बाब वाचतो. अंदाजपत्रकात 'तलावाच्या काठाभोवती पिचिंग करणे' असं लिहिलं असेल, तर तो काठाभोवतीच करणार आणि त्याचं चुकत नाही. बाब अशी लिहून घ्या: 'दगड क्रमांक ४ ते दगड क्रमांक ९, पाळीची आतली बाजू'. म्हणून आधी नंबराचे दगड रोवायला हवेत. लोखंडी खुंट्या भंगारात जातात, बांबू चुलीत जातो, दगड राहतो. लाल भागाच्या कडेने चुन्याची फक्की आणि नंबर घातलेले दगड, दोन्ही. रंगीत नकाशाची प्रत ग्रामसभेच्या ठरावाला आणि करारनाम्याला जोडा. गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या नोंदवहीतही तो चिकटवा, ती समिती कागदावर असली तरी.

आणि यंत्र येईल त्या सकाळी तुम्ही स्वतः तिथे हजर राहा. साहेब नव्हे, फोनवर नव्हे, तुम्ही. चालकाला चहा द्या आणि त्याला पाळीवरून सगळी सीमा दाखवा, हे का राखायचंय तेही सांगा. मला भेटलेल्या चालकांपैकी एकालाही मुद्दाम नुकसान करायचं नव्हतं. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. एकाने तर दगड क्रमांक ११ पलीकडे टिटवीची अंडी दिसली म्हणून मला स्वतः फोन केला आणि अर्धा दिवस यंत्र दुसरीकडे चालवलं.

काम झाल्यावर

तीन नोंदी ठेवा, शाळेच्या पोरांकडून करून घेतल्या तरी चालतील. तोटीजवळ फूटपट्टीसारखी खूण रंगवून दर पंधरा दिवसांनी पाण्याची पातळी. जानेवारीत ठरलेल्या त्याच तीन जागांवरून, त्याच वेळेला पाखरांची मोजणी. आणि ठेका घेतलेल्या संस्थेकडून आपोआप आलेल्या आणि सोडलेल्या माशांची वेगवेगळी नोंद. दोन पावसाळे गेले की नकाशा पुन्हा काढा. एखादा पिवळा तुकडा लाल करावा लागेल, एखादा लाल उगाच लाल ठेवला होता असंही दिसेल. तेव्हा नवी प्रत काढून जुन्या ठरावाच्या मागे टाचणीने लावा, तारीख घालून. जुनी प्रत फाडू नका. तुमच्यानंतर येणारा सदस्य 'इथे बगिचा का नाही केला' असं विचारेल, तेव्हा तीच दाखवायची आहे.